जॅकमधून ऑइल गळतंय? खोलायच्या आधी कुठून गळतंय ते बघा

जॅक गळायला लागला की बरेच जण एकतर वरून ऑइल ओतत राहतात नाहीतर सरळ भंगारात देतात, आणि दोन्ही चुकीचं आहे. ट्रॉली जॅक म्हणजे तो चाकांवर ढकलत गाडीखाली सरकवतो तो आडवा जॅक, त्याचं लोखंड वर्षानुवर्षं टिकतं, खराब होतात ती आतली ऑइल अडवणारी चार-सहा रबरं, म्हणजे सीलं. ती रबरं घरी बदलता येतात, फक्त हात स्वच्छ पाहिजेत आणि घाई नको. पण पाना हातात घ्यायच्या आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा, कारण अर्ध्याहून जास्त काम त्या शोधण्यातच आहे. पुष्कळदा अख्खं युनिट, म्हणजे पंप, सिलिंडर आणि टाकीचा एकत्र ठोकळा, उघडायची गरजच नसते, बाहेरच्या बाजूची एखादी ओ-रिंग (रबराची गोल कडी) बदलली की झालं, आणि ते न बघता सगळं खोलून बसलात तर जे चांगलं होतं तेही बिघडायची शक्यता असते.

आत काय चालतं ते थोडक्यात समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. हँडल वर-खाली केलं की एक बारीक दांडा आत-बाहेर होतो, तो पंपाचा प्लंजर. प्लंजर बाहेर आला की टाकीतलं ऑइल एका छर्‍यावरून आत ओढलं जातं, आत गेला की तेच ऑइल दुसर्‍या छर्‍यावरून मोठ्या सिलिंडरमध्ये ढकललं जातं आणि तिथला जाड दांडा, म्हणजे रॅम, पुढे सरकतो. हे छर्रे, म्हणजे चेक व्हॉल्व्ह, एकाच दिशेने ऑइल जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत, म्हणून गाडी वर राहते. हँडल फिरवून खाली सोडतो तेव्हा रिलीज व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल परत टाकीत जातं. शिवाय एक ओव्हरलोड व्हॉल्व्ह असतो, वजन जास्त झालं की तो आतल्या आत ऑइल सोडून देतो. तो कारखान्यात सेट करून दिलेला असतो, त्याच्या स्क्रूला अजिबात हात लावायचा नाही, गळत असेल तरी पिळून घट्ट करायचा नाही, कारण तो घट्ट केला की जॅकची शेवटची सुरक्षा गेली.

आणि दाब किती असतो याचा अंदाज ठेवा. समजा रॅमचा व्यास 30 मिमी आहे आणि त्याच्यावर 2 टनांचा जोर आहे, तर क्षेत्रफळ साधारण 7 चौरस सेंटीमीटर आणि दाब झाला जवळपास 280 बार. कारच्या टायरमध्ये असतो सव्वादोन बारच्या आसपास, म्हणजे इथे शंभर पटीपेक्षा जास्त. त्यात ट्रॉली जॅकची भुजा, म्हणजे गाडी उचलणारा हात, लांब असते, त्यामुळे रॅमला प्रत्यक्ष वजनापेक्षाही जास्त जोर लावावा लागतो. म्हणून दाबाखाली असलेल्या जॅकची गळती बोटाने चाचपायची नाही, बारीक धार कातडीतून आत घुसू शकते आणि जखम वरून किरकोळ दिसली तरी ती तातडीने डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, ओला झाला तर कळतंच.

गळती शोधायची कशी

पहिलं काम म्हणजे जॅक पूर्ण स्वच्छ करणं. जुन्या ऑइलवर धूळ बसून जे काळं थर झालेलं असतं ते ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावून काढा, फडक्याने कोरडं पुसा, कोपर्‍या-कोपर्‍यातून पुसा. मग जिथे जिथे संशय आहे तिथे टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरवा आणि खाली पांढरा कागद अंथरा. आता वजन न ठेवता रिलीज व्हॉल्व्ह बंद करून जॅक पूर्ण वर करा आणि रात्रभर ठेवा. दुसर्‍या रात्री भुजा पूर्ण खाली करून ठेवा. पावडर कुठे ओली झाली ते सकाळी स्पष्ट दिसतं.

पंपाच्या दांड्याभोवती ओलं रिंगण दिसलं, विशेषतः पंप मारताना प्रत्येक झटक्याला जरासं ऑइल बाहेर येत असेल, तर प्लंजरचं सील गेलंय, आणि ट्रॉली जॅकमध्ये हे बर्‍याचदा दिसतं कारण तो दांडा सगळ्यात जास्त हलतो. हँडलच्या खालच्या टोकाला, जिथे ते रिलीज व्हॉल्व्हला जोडलेलं असतं, तिथे ओलं असेल तर रिलीज व्हॉल्व्हच्या दांड्यावरची ओ-रिंग, आणि हे सगळ्यात सोपं काम. रॅम जिथून बाहेर येतो तिथे ओलं असेल आणि तेही भुजा वर असतानाच, तर रॅमचं सील. टाकीच्या टोकाच्या मोठ्या नटाखाली ओलं असेल तर तिथला वॉशर किंवा ओ-रिंग. आणि ऑइल भरायच्या बुचापाशी ओलं असेल तर आधी हे विचारा की ऑइल जास्त तर भरलं नाहीये ना, कारण रॅम आत येतो तेव्हा ऑइलला टाकीत परत जागा लागते, ती नसेल तर ते बुचातून किंवा सीलमधून वाट काढतं, अशा वेळी सील बदलून काही होत नाही, जास्तीचं ऑइल काढलं की गळती आपोआप थांबते.

बाहेर कुठेच ओलं नाही पण गाडी उचलली की जॅक हळूहळू खाली बसतो, हा वेगळा आजार. ऑइल आतल्या आत परत जातंय, म्हणजे रिलीज व्हॉल्व्हच्या छर्‍याखाली किंवा चेक व्हॉल्व्हच्या छर्‍याखाली कचरा अडकलाय, किंवा छर्रा बसतो ती जागा खराब झालीय, किंवा रॅमचं आतलं सील गेलंय. त्याचं पुढे सांगतो. आणि पंप मारतोय पण भुजा उचलतच नाही किंवा स्पंजासारखी दबते, तर बहुतेक ऑइल कमी आहे किंवा हवा शिरलीय, तिथे आधी ऑइल भरून हवा काढून बघा, मगच खोलायचा विचार करा.

सामान

सील किट मिळत असेल तर सगळ्यात चांगलं, त्यासाठी जॅकवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. त्याच वजनाचा दुसर्‍या बनावटीचा जॅक असला तरी किट बसेलच असं नाही, टनांवरून किट ठरत नाही. बाकी पाने, सर्क्लिप (चरात बसणारी स्प्रिंगची कडी) काढायची पक्कड, वाइस (टेबलावरचा शिकंजा), व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी), चुंबक, छर्रे-स्प्रिंगा ठेवायला खणांचा डबा, धागे न सुटणारं फडकं, डोळ्यांना चष्मा. आणि सील उपसायला लाकडाची किंवा प्लास्टिकची टोकदार काडी. स्क्रू ड्रायव्हर नको, चरात एक ओरखडा पडला की नवीन सील टाकूनही तिथून झिरपत राहणार.

किट नाही मिळालं तर ओ-रिंग मापून घ्यायची, आणि इथे खूप जण फसतात. जुनी ओ-रिंग दबून चपटी झालेली असते, कधी फुगलेली असते, तिचं माप घेऊन नवीन आणली तर ती सैल किंवा जाड निघते. त्यापेक्षा ज्या चरात ती बसते तो चर मापा. चराच्या तळापासून समोरच्या धातूपर्यंतची जी जागा आहे त्यापेक्षा ओ-रिंगची जाडी साधारण 10 ते 20 टक्के जास्त पाहिजे, म्हणजे ती दबून बसते. रुंदीला मात्र चर तिच्यापेक्षा मोकळा असतो, कारण रबर दाबलं की त्याचं आकारमान कमी होत नाही, ते आडवं पसरतं आणि पसरायला जागा हवी. दुसरं म्हणजे मेट्रिक आणि इंची मापं वेगळी, 1.78, 2.62, 3.53 मिमी ही इंची मालिकेतली जाडी, 2, 2.5, 3 ही मेट्रिक. 2.62 च्या जागी 2.5 दिसायला सारखीच दिसते पण दाब धरत नाही.

रबर नायट्राइलचं घ्या. ब्रेकच्या किटमधली रबरं मापात बसली तरी वापरायची नाहीत, ती बहुतेक ईपीडीएम नावाच्या दुसऱ्या रबराची असतात आणि खनिज तेलात, म्हणजे जॅकच्या ऑइलमध्ये, फुगून लिबलिबीत होतात. आणि याच्याच उलट कारणासाठी जॅकमध्ये ब्रेक ऑइल कधीच टाकायचं नाही. डॉट 3, डॉट 4 हे ग्लायकॉलवर बनलेलं असतं, नायट्राइलची सीलं त्याने फुगतात आणि खराब होतात, शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणजे आतून गंज. चांगला धडधाकट जॅक निकामी करायचा याहून सोपा मार्ग नाही, तरी लोक "हायड्रॉलिकच तर आहे" म्हणून ओततात. कोणी आधीच ओतलेलं असेल तर नुसतं काढून दुसरं भरू नका, सगळी सीलं बदला आणि आतून धुऊन घ्या.

खोलायचं कसं

गाडी वगैरे वर असताना काहीही करायचं नाही हे सांगायला नको, जॅक मोकळा, भुजा पूर्ण खाली, रिलीज व्हॉल्व्ह उघडा. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढत जा, दोन्ही बाजूंनी, नंतर कुठला वॉशर कुठे होता यावर डोकं खाजवायला लागत नाही.

भुजा परत खाली ओढणार्‍या स्प्रिंगा असतात त्या फार ताणलेल्या असतात, चष्मा घालून, पकडीने घट्ट धरून, तोंड बाजूला ठेवून काढा, एका हाताने खेचत बसू नका. स्प्रिंग निघाल्यावर हँडलचा सॉकेट, मग रॅमला भुजेशी जोडणारी पिन, मग युनिट फ्रेमला धरणारे बोल्ट. गंजलेले असतील तर गंज सुटायचं तेल मारून थांबा, गॅसची ज्योत लावू नका, आत ऑइल आहे आणि सीलं आहेत. युनिट सुटलं की बूच काढून ऑइल भांड्यात ओता आणि त्या ऑइलकडे नीट बघा. दुधासारखं पांढरट म्हणजे पाणी शिरलंय, चमकणारे कण म्हणजे धातू झिजतोय, रबराचे काळे तुकडे म्हणजे कुठलं तरी सील फाटलंय आणि त्याचे तुकडे छर्‍यांखाली गेले असण्याची दाट शक्यता, अशा वेळी फक्त एक ओ-रिंग बदलून भागणार नाही, पूर्ण खोलून धुवावं लागेल.

आता फक्त रिलीज व्हॉल्व्ह गळत असेल तर तेवढाच खोला. बाहेरचा नट किंवा सर्क्लिप काढला की दांडा फिरवत बाहेर येतो, त्याच्यावर ओ-रिंग दिसेल. दांडा काढताना भोक वरच्या बाजूला ठेवा कारण त्याच्या पुढे एक छर्रा असतो, तो घरंगळून गेला की शोधत बसाल. ओ-रिंग बदला, दांडा पुसून ऑइल लावून परत घाला.

प्लंजरचं सील असेल तर पिन काढल्यावर दांडा ओढून बाहेर येतो, काही जॅकमध्ये त्याच्यावर स्प्रिंग असते. सील कधी आतल्या चरात असतं, कधी आट्याच्या एका बाहीत असतं जी पाना लावून पूर्ण काढावी लागते आणि जिच्याखाली तांब्याचा वॉशर असतो. तो वॉशर शक्यतो नवीन टाका, जुना एकदा दबलेला असतो. दांड्यावर नखाने हात फिरवा. नख अडकत नसेल असे बारीक ओरखडे 1000 किंवा 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने ऑइल लावून निघतात. घासताना लांबीच्या दिशेने घासू नका, दांड्याभोवती गोल फिरवत घासा, लांबीचा ओरखडा म्हणजे ऑइलला बाहेर यायला सरळ नाली करून दिल्यासारखं आहे. नख अडकलं, क्रोमचा पापुद्रा सुटला, गंजाचे खड्डे पडले, तर तो दांडाच बदलायला हवा, त्याच्यावर नवीन सील थोड्याच दिवसात फाटतं.

रॅमचं सील आणि टाकी हे सगळ्यात मोठं काम आणि ते गरज असेल तरच करा. टाकीच्या टोकाचा मोठा नट फार घट्ट असतो, त्याला मोठा पाना लागतो आणि युनिटचा ठोकळा वाइसमध्ये धरावा लागतो, वाइसच्या जबड्यांत लाकूड किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घालून. धरायचं ते ठोकळ्याला, सिलिंडरच्या नळीला कधीच नाही, नळी जराशी जरी लंबगोल झाली तरी जॅक संपला. नट निघाल्यावर टाकीची बाहेरची नळी, मग आतला सिलिंडर, मग रॅम. रॅमच्या टोकाला यू आकाराचं सील किंवा ओ-रिंग आणि तिच्या शेजारी कडक पांढरी चपटी रिंग असते. ती पांढरी रिंग फेकून देऊ नका, तिचं काम ओ-रिंगला दाबाखाली फटीत घुसू न देणं आहे, म्हणून ती नेहमी दाबाच्या विरुद्ध बाजूला बसते. यू सीलचं उघडं तोंड मात्र दाबाच्या बाजूला, म्हणजे जिकडून ऑइल ढकलतं तिकडे. ऑइल आत शिरून त्याचे ओठ भिंतीला दाबतं, तेव्हाच ते धरतं, उलटं बसवलं तर जॅक पहिल्याच पंपाला नापास.

छर्रे खोलावे लागले तर कुठला छर्रा कुठल्या भोकातला ते लिहून ठेवा, मापं वेगवेगळी असतात. छर्‍याची जागा टॉर्च लावून बघा, तिथे एकसारखी गोल चमकती रेघ दिसली पाहिजे. ती तुटक असेल तर जुना छर्रा जागेवर ठेवून पितळेच्या सळईने वरून हलकेच एक-दोन टोले द्या, जागा परत गोल बसते, आणि नंतर तो छर्रा काढून त्याच मापाचा नवा टाका. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, जोरात ठोकलं तर तडा जातो.

परत जोडताना

सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, शेवटी जॅकच्या ऑइलने ओले करा. फडक्याचा एक धागा छर्‍याखाली गेला तरी जॅक बसत राहतो, म्हणून ही स्वच्छता बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. नवीन सील ऑइलमध्ये बुडवून मगच चढवा, आणि आट्यांवरून न्यायचं असेल तर आट्यांवर पातळ प्लास्टिक गुंडाळा म्हणजे धारेने कापलं जाणार नाही. चढवल्यावर ओ-रिंगला पीळ पडलेला नाही ना ते बघा. आट्यांना टेफ्लॉन टेप किंवा सीलंट लावायचा मोह होतो, लावू नका, त्याचे तुकडे सुटून आत जातात आणि मग गळती बंद पण जॅक बसतो अशी नवीन भानगड.

ऑइल हायड्रॉलिक जॅकचंच घ्या, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं सापडलं तर तेच, साधारणपणे आयएसओ व्हीजी 22 किंवा 32 ग्रेडचं असतं (हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा). इंजिन ऑइल जास्त घट्ट असतं आणि थंडीत जॅक सुस्त होतो. भरताना रॅम पूर्ण आत आणि जॅक सपाट जमिनीवर असलाच पाहिजे, रॅम बाहेर असताना काठोकाठ भरलं तर खाली येताना ते सगळं बाहेर येणार. पातळी बहुतेक जॅकमध्ये भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकेल इतपत, काहींमध्ये त्याच्या थोडी खाली.

मग हवा काढायची. रिलीज व्हॉल्व्ह डावीकडे एक-दोन फेरे उघडा, बूच सैल करा, आणि वजन न ठेवता हँडल दहा-पंधरा वेळा पूर्ण वर-खाली मारा. मग व्हॉल्व्ह बंद करून भुजा पूर्ण वर न्या, परत उघडून हाताने दाबून खाली आणा, असं दोन-तीनदा. पातळी परत बघा, कमी झाली असेल तर भरा, बूच लावा. हँडल पहिल्या काही सेंटीमीटरमध्येच कडक लागायला लागलं की हवा गेली समजायचं.

तपासणी

लगेच गाडीखाली घालू नका. आधी वजनाशिवाय वर करून रात्रभर ठेवा, खाली कोरडा कागद. तो कोरडा राहिला तर गाडीचं एक चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढंच उचला, दुसर्‍या चाकांना पाचर लावून, आणि शेजारी जॅक स्टँड उभा करून, म्हणजे जॅक बसलाच तर गाडी स्टँडवर टेकेल. रॅम दिसत असेल तर त्याच्यावर मार्करने रेघ मारा, नाहीतर जमिनीपासून सॅडलची, म्हणजे भुजेच्या टोकाच्या गाडीला टेकणाऱ्या वाटीची, उंची मापून ठेवा, आणि अर्ध्या तासाने बघा. माप तेच असेल तर काम झालं. बसत असेल पण बाहेर ऑइल नसेल, तर गाडी उतरवून व्हॉल्व्ह उघडा ठेवून जोरात पंप मारून बघा, पुष्कळदा छर्‍याखालचा कण त्याने वाहून जातो. तरीही बसत असेल तर रिलीज व्हॉल्व्हपासून परत बघायला सुरुवात करा, कारण तो छर्रा काढायला सगळ्यात सोपा.

आणि दुरुस्त केलेला असो किंवा कोरा, जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. जॅक उचलायला, स्टँड धरायला. रॅम वाकलेला दिसला, सिलिंडरला आतून खोल ओरखडे असले, भुजेच्या वेल्डिंगला तडा असला किंवा ठोकळ्यातले आटे गेलेले असले तर तिथे सील बदलण्यात वेळ घालवू नका, तो जॅक बाजूला काढा आणि दुसर्‍या कुणी वापरू नये म्हणून हँडल काढून ठेवा.

काम झालं की जॅक ठेवताना भुजा पूर्ण खाली, म्हणजे रॅम ऑइलमध्ये राहतो आणि त्याच्यावर गंज चढत नाही. कुशीवर किंवा तिरपा ठेवू नका, बुचातून झिरपतं. उघड्या राहणार्‍या पिना आणि चाकांना ग्रीस लावा. ऑइल साधारण वर्षाने बदला, आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, तिथे वापरलेलं ऑइल गोळा करतात.